पोकळ वासा

खोक्यातून काढला तेव्हा तो ट्रक होता, आणि ट्रक म्हणून झकास होता. लाल रंग हवा तसा लाल, पुढच्या जाळीवर रुपेरी मुलामा, सगळी चाकं फिरणारी. मी चष्मा लावून टेबलाशी बसले. खाचेत नख घातलं, मागचा सांगाडा दोन भागांत फाकवला, पाय खाली ओढले, कुशीत दडवलेले हात बाहेर काढले. वीसेक हालचालींत रोबो उभा राहिला. समोरून बघावा तर खोक्यावरच्या चित्रातून उतरल्यासारखा. मग मी त्याचा हात कोपरातून फिरवला आणि हाताची आतली बाजू माझ्याकडे आली.

आत काही नव्हतंच. कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग तीन बाजूंनी बनवलेला, चौथी बाजू उघडी. आत दोन आडव्या फासळ्या, स्क्रू बसायचा नळकांड्यासारखा उंचवटा आणि बारीक अक्षरांत साच्याचा नंबर. माझी करंगळी त्यात पहिल्या पेरापर्यंत मावली. बाहेरून हा हात इमारत उचलेल असा दिसत होता. आतून तो पन्हळ होता, छपराचं पाणी वाहून न्यायला लावतात तशी.

बडा घर पोकळ वासा म्हणतात. इथे घरही पूर्वीइतकं बडं राहिलेलं नाही. दहा वर्षांपूर्वी घेतलेला, खोक्यावर आकाराचं हेच नाव छापलेला एक रोबो फडताळात आहे. नव्याला त्याच्याशेजारी उभा केला तर तो त्याच्या खांद्याला लागतो.

या दुःखात मी एकटी नाही. रूपांतर होणारे रोबो जमवणारी जेवढी माणसं मला माहीत आहेत ती सगळी नवा रोबो हातात आला की आधी त्याचा हात उलटा करून बघतात, बैल घेताना दात बघावेत तसा. आणि मग एक सुस्कारा. ‘पूर्वीसारखं राहिलं नाही.’ हा सुस्कारा मीही पुष्कळ वर्षं टाकत आले आहे. या वेळी मात्र मी तो अर्ध्यात अडवला, कारण योगायोगानं त्याच आठवड्यात ‘पूर्वीचं’ माझ्या घरी परत आलं होतं.

झालं असं की दादानं घर बदललं. सामान आवरताना त्याला माळ्यावर एक पुठ्ठ्याचा खोका सापडला आणि तो मला देऊन गेला. ‘‘हे तुझंच,’’ म्हणाला. ते माझं नव्हतं. ते त्याचंच होतं, त्याच्या वाढदिवसाला बाबांच्या एका मित्रानं दिलेलं, आणि त्यावरून आमची लहानपणी जेवढी भांडणं झाली तेवढी पुढे कशावरूनच झाली नाहीत. शेवटी आईनं तोडगा काढला होता. ट्रक दादाचा, पण त्याचा रोबो करायचं काम माझं. दादाच्या बोटांना धीर नव्हता. एखादा भाग अडला की तो दाबायचा, आणि प्लॅस्टिकचा तो कुरकुरता आवाज ऐकून माझ्या पोटात गोळा यायचा. माझी बोटं बारीक होती. कुठला पेग आधी सुटतो, कुठली खुंटी मागून ढकलायची असते, हे मला न बघता कळायचं. त्यामुळे दादाला रोबो हवा असला की तो ट्रक घेऊन माझ्याकडे यायचा, मी तो उलगडून द्यायची, आणि लढाई संपली की मिटायलाही मीच. आमच्यात मालक तो होता आणि मिस्त्री मी.

त्या ट्रकचं मला काय आठवत होतं, तर वजन. सकाळी हातात घेतला की धातू गार लागायचा. टायर खऱ्या रबराचे, त्यांना वास यायचा. एकदा तो टेबलावरून माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडला. नख काळंनिळं होऊन गळून गेलं, ट्रकला ओरखडा नाही. आमच्या घरात उत्तम वस्तूची व्याख्या त्या दिवशी ठरली.

तर तो ट्रक आता माझ्या टेबलावर होता, आणि मी आणि दादा दोघंही त्याच्याकडे बघत होतो.

‘‘अगं, हा एवढासाच होता?’’ दादा म्हणाला.

एवढासाच होता. माझ्या आठवणीत तो दोन्ही हातांनी उचलायचा असे. आता तो तळहातावर बसला. मी मुद्दाम पट्टी आणली आणि नव्या रोबोशेजारी त्याला उभा करून मापला. जुना नव्यापेक्षा बोटभर कमीच भरला. ज्याच्यामुळे मी प्रत्येक नव्या रोबोला बुटका ठरवत आले तो मुळात या बुटक्याहूनही बुटका होता. मोठे माझे तेव्हाचे हात नव्हते, एवढंच.

मग वजन. घरात तराजू नव्हता म्हणून खोडरबरावर पट्टी आडवी टाकली आणि दोन टोकांना दोघांना झोपवलं. जुना खाली गेला, ठामपणे. निदान तेवढं तरी खरं निघालं. पण हे वजन कुठून येतं ते बघायला त्याला चाचपू लागले, तर गार लागणाऱ्या जागा मोजून थोड्या. छातीचा एक तुकडा, पायांतले दोन. बाकी सगळं प्लॅस्टिक. माझ्या मनात तो आख्खा लोखंडी होता.

लोखंड तर नव्हतंच. या खेळण्यांतला डायकास्ट म्हणजे जस्ताचा मिश्रधातू. त्यात थोडं ॲल्युमिनियम, चिमूटभर मॅग्नेशियम आणि तांबं. जस्त साधारण 420 अंश सेल्सिअसला वितळतं, साच्यात दाबानं भरता येतं आणि बारीक नक्षी झकास उठते, म्हणून खेळणीवाल्यांना ते प्रिय. जपानच्या पोपी कंपनीनं 1974 साली माझिंगर झेड नावाचा रोबो याच धातूत काढला आणि मालिकेला नाव दिलं चोगोकिन, म्हणजे महामिश्रधातू. तिथून पुढे रोबो म्हटला की तो हाताला जड लागलाच पाहिजे, हा संस्कार पक्का झाला. जस्ताचा मिश्रधातू एबीएस प्लॅस्टिकच्या सहापटीहून जड असतो. छातीत एक तुकडा बसवला तरी बोटं फसतात. आणि ती चकाकणारी क्रोमची जाळी? निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून तिचा अतिपातळ थर प्लॅस्टिकवर बसवलेला. नखानं निघतो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, फक्त इथे कथलाऐवजी जस्त.

हे सगळं मी दादाला सांगत होते. तो ट्रकची चाकं फिरवत होता. ‘‘याचा गुडघा वाकत नाही का गं?’’ त्यानं विचारलं.

नाही. गुडघा वाकत नाही. कंबर फिरत नाही. मान वळत नाही. खांदे वर-खाली होतात, संपलं. लहानपणी आम्ही त्याला उड्या मारायला लावत होतो, शत्रूवर झेप घ्यायला लावत होतो, आणि हा विटेसारखा ताठ उभा राहून ते सगळं करत होता. नव्या रोबोचा गुडघा पूर्ण दुमडतो, घोटा आतबाहेर कलतो म्हणजे पाय फाकवून उभा केला तरी तळवा जमिनीला टेकतो, मनगटही फिरतं. 1996 साली बीस्ट वॉर्स मालिकेनं खोबणीत गोळा बसवलेले बॉल जॉइंट सरसकट वापरायला सुरुवात केली, तिथपासून हे बळावत गेलं. आज मध्यम आकाराचा रोबो ज्या पोझमध्ये उभा राहतो त्या पोझची कल्पना करूनच आम्ही खेळत होतो.

म्हणजे मी हरले का? पुरती नाही. पण तक्रार नेमकी कशाची आहे, ते मला नव्यानं शोधावं लागलं.

आधी लहानपणाचा प्रश्न, म्हणजे आकाराचा. या खेळण्यांत आकाराला पहिल्यापासूनच धरबंध नव्हता. 1984 साली अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीनं ट्रान्सफॉर्मर्स या नावानं जे रोबो आणले ते बहुतेक जपानच्या ताकारा कंपनीच्या दोन आधीच्या मालिकांतून उचललेले. एक डायाक्लोन, दुसरी मायक्रोमॅनमधली मायक्रो चेंज. डायाक्लोनच्या मोटारी साधारण 1:60 प्रमाणातल्या, आणि मायक्रो चेंजच्या वस्तू चक्क खऱ्या मापाच्या: पिस्तूल, खिशात मावणारा टेपरेकॉर्डर. दोन्हींना एका गोष्टीत कोंबलं तेव्हा एका बाजूचा सेनापती ट्रक झाला आणि दुसऱ्या बाजूचा पिस्तूल, आणि कुणालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही.

डायाक्लोनच्या गाड्यांत इवलेसे चालक बसत. अमेरिकेत रोबोंनाच जीव आला, चालक बाद झाले, पण साचे तेच राहिले. पुढे मोठेपणी माझ्या हाती त्या काळातली एक मोटार आली. तिचं दार उघडलं तर आत दोन सीटा, स्टीअरिंगसकट. कुणी बसणार नाही अशा सीटा. त्यांना पाठही होती आणि बसायची जागा नीट खोलगट होती. बंद दाराआड, जिथे कुणी बघणार नाही तिथे, कुणीतरी हे कोरत बसलं होतं. माझ्या पोकळ हाताच्या रागाचं मूळ त्या सीटांत आहे, असं मला आता वाटतं.

धातू गेल्याचं दुःख तर फारच जुनं निघालं. 1986 पासूनच तो भराभर कमी होत गेला आणि 1987 च्या रोबोंत तर शोधावा लागतो. म्हणजे मालिका सुरू होऊन दोन-तीन वर्षं होतात न होतात तोच ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’ म्हणायची सोय झाली होती. क्षेपणास्त्रं दूर उडवणाऱ्या स्प्रिंगा तर त्याआधीच, अमेरिकेत येताना, मुलांच्या डोळ्यांच्या काळजीनं ढिल्या केल्या गेल्या होत्या.

माझा स्वतःचा सुवर्णकाळ यानंतरचा, आणि तो कबूल करायला मला लाज नाही. पहिली नोकरी लागली, हातात स्वतःचे पैसे आले आणि नेमक्या त्याच सुमारास, 2003 च्या अखेरीस, ताकारानं मास्टरपीस मालिकेतला पहिला कॉन्व्हॉय काढला. आपण ज्याला ऑप्टिमस प्राइम म्हणतो त्या ट्रक होणाऱ्या सेनापतीचं ते जपानी नाव. तीसेक सेंटिमीटर उंच, अंगभर धातू, उचलला तर मनगटाला जाणीव व्हावी असा. माझ्याकडे तो आहे. त्याचा खांदा वर करताना रॅचेटचा कट्-कट्-कट् असा आवाज येतो. दातेरी चक्रावरून खुंटी एकेक दात ओलांडते, आणि हात जिथे सोडाल तिथे राहतो. रात्री उशिरा, घर झोपलेलं असताना, केवळ हा आवाज ऐकण्यासाठी मी त्याचा हात वरखाली केलेला आहे. 2007 च्या ट्रान्सफॉर्मर्स चित्रपटानंतर तर कारागिरांवर जणू कुणी लगाम ठेवलाच नव्हता. 2009 चा लीडर आकाराचा, म्हणजे मोठ्या मापाचा प्राइम उलगडायला बसले तेव्हा मिस्त्री असूनही मला कागद बघावा लागला. छातीचे, पायांचे इतके पापुद्रे, आणि शेवटी प्रत्येक पापुद्र्याला जागा.

त्यानंतर उतार लागला. 2011 च्या पुढच्या दोन-चार वर्षांत रोबो हलके झाले, सोपे झाले, मागून उघडे पडू लागले. नावं मात्र तीच. डीलक्स, त्याहून मोठा व्हॉयेजर, त्याहून मोठा लीडर. साबणाची वडी खालून खोलगट करत जातात, वरचं नाव आणि वेष्टन तेच ठेवून, त्यातला प्रकार. लीडरचं बघा. पूर्वी लीडर म्हणजे एकच मोठा थोराड रोबो. 2019 च्या सीज मालिकेपासून पुष्कळदा लीडरच्या खोक्यात व्हॉयेजरच्या मापाचा रोबो येऊ लागला आणि वर त्याला चढवायचं चिलखत. म्हणजे धाकट्याला थोरल्याचा कोट घालून थोरला म्हणायचं. अल्ट्रा मॅग्नस नावाच्या रोबोच्या बाबतीत मी यावरून तावातावानं बोलायचे, आणि मग एकानं मला शांतपणे आठवण करून दिली की 1986 चा मूळ अल्ट्रा मॅग्नसही असाच होता. आत पांढरा छोटा रोबो, वर ट्रेलरचं चिलखत. चिलखतवालाच खरा जुना निघाला आणि मला आवडणारा थोराड हाच नवलाईचा. त्या दिवसापासून मी त्या एका उदाहरणाबद्दल गप्प असते.

उलट्या बाजूचंही सांगायला हवं. सगळंच लहान झालंय असंही नाही. 2013 च्या टायटन आकाराचा मेट्रोप्लेक्स दोन फुटी आहे, आणि 2019 साली हॅस्ब्रोनं आगाऊ नोंदणीवर काढलेला युनिक्रॉन 27 इंची, किंमत 575 डॉलरच्या घरात. आठ हजार माणसं तयार असतील तरच बनवू, अशी अट होती आणि मुदत वाढवून का होईना, माणसं मिळाली. माथा वाढला, मधलं अंग आटलं. ज्या मापाचे रोबो मूल स्वतःच्या हट्टानं मिळवू शकतं तेच आटले.

आणि लहान होणं नेहमी वाईट असतं असंही नाही. 2011 चा मास्टरपीस प्राइम 2003 च्यापेक्षा चांगलाच बुटका आणि कितीतरी हलका आहे. आला तेव्हा मी नाक मुरडलं होतं. पण त्याला बुटका केला तो त्याच्या मोटारींनाही त्याच मापात बनवता यावं म्हणून. पुढच्याच वर्षापासून त्या येऊ लागल्या आणि सेनापतीशेजारी पहिल्यांदाच सैन्य शोभेल असं उभं राहिलं. उलगडायला तो पहिल्यापेक्षा कितीतरी सुबक आहे. आज एकच ठेवा म्हटलं तर मी बुटका ठेवीन. (कट्-कट् आवाजासाठी मोठ्याला कुठेतरी लपवीन.)

मग उरतो तो पोकळ हात. त्याच्यामागे लबाडीच आहे असं मी समजत होते, पण साच्याचं गणित कळल्यावर माझा राग जरा शहाणा झाला. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबानं भरतात, थंड होऊ देतात, साचा उघडून तुकडा काढतात. यात सगळ्यात जास्त वेळ जातो थंड होण्यात, आणि तो वेळ भिंतीच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. भिंत दुप्पट जाड केली की वेळ चौपट. शिवाय जाड भाग थंड होताना आक्रसतो आणि वर खळगा पडतो. म्हणून भरीव हात कुणीच बनवत नाही. माझ्या लाडक्या जुन्यांतले हातही पोकळच आहेत, फक्त दोन अर्धे जोडून बंद केलेले. आता बंद करायचा तर दोन तुकडे, साच्यात दोन जागा, वर एक-दोन स्क्रू आणि ते पिळणारं एक माणूस. उघडा ठेवला तर एकच तुकडा. असे चार भाग उघडे ठेवले की वाचलेल्या पैशात घोट्याचा जॉइंट बसतो. नव्या रोबोचा जो घोटा बघून मी हरखले तो त्याच्याच हातातून कापून आणलेला असू शकतो.

उंची कमी करण्याचं गणित याहून सोपं. रोबो सगळीकडून दहा टक्के लहान केला की तो व्यापत असलेली जागा 27 टक्क्यांनी घटते. 0.9 ला तीनदा गुणून बघा. तेवढाच खोका लहान, आणि जहाजातली खोकी त्याहूनही जास्त पटीनं वाढतात. डोळ्याला दहा टक्के एकदम कळतही नाहीत. मजुरी वाढली, तेल चढलं, चीनमधलं काही काम व्हिएतनामकडे गेलं, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी कागदावर ही आकडेमोड केली असणार. खोक्यांचंही झालंच. हॅस्ब्रोनं 2022 पर्यंत वेष्टनातलं प्लॅस्टिक काढायचं ठरवलं, खिडकीशिवायची खोकी आली, आतला रोबो दिसेना म्हणून ओरड झाली आणि 2023 मध्ये खिडक्या परत आणायचं जाहीर झालं. खोक्यावर मी कधीच जीव टाकला नाही, त्यामुळे मला त्याचं फारसं काही नाही.

पण एवढं समजून घेऊनही उघडा हात मला सलतो, आणि त्याचं एक कारण चोख आहे. कागदी रुमालांचा रोल संपला की पुठ्ठ्याची नळी उरते, ती घ्या. दोन टोकांना धरून कपडे पिळतात तशी पिळायचा प्रयत्न करा. ती दाद देत नाही. आता कात्रीनं तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक चीर द्या. पुठ्ठा तितकाच, जाडी तितकीच, कणभरही काढून घेतलेलं नाही. पुन्हा पिळा. दोन बोटांत लोळागोळा. बंद नळी आणि चिरलेली नळी यांच्या पिळाच्या ताकदीत शेकडो पटींचा फरक पडतो. बांबू पोकळ असतो म्हणून कुणी त्याला नावं ठेवत नाही, कारण तो चहूबाजूंनी बंद असतो. म्हणीतला वासा पोकळ म्हणून बदनाम झाला, पण खरा दोष चिरलेल्या वाशाचा. नव्या रोबोच्या हातात तलवार बसवताना त्याचा हात बोटांखाली जो किंचित मुरगळतो तो या चिरेमुळे.

दुसरं कारण मला चोख मांडता येत नाही. साधा पुतळा असता तर पाठ भिंतीकडे करून ठेवला की झालं. ज्याला आपण स्वतःच्या हातांनी आतून बाहेर करतो त्याला पाठ अशी नसतेच. ट्रकमध्ये जे आत असतं ते रोबोत बाहेर येतं, रोबोची छाती ट्रकचं छत होते. मिस्त्रीच्या हाताखालून प्रत्येक भागाची प्रत्येक बाजू जाते. या एका प्रकारच्या खेळण्यात लपवायला जागा नाही, आणि नेमकं इथेच काम अर्धवट सोडलेलं दिसतं.

मी जुन्यांची भक्त आहे असं कुणी म्हणू नये म्हणून एक अनुभव सांगते. कितीतरी वर्षं काचेच्या कपाटात जपलेला एक रोबो माझ्याकडे होता, सोनेरी चमकी मिसळलेल्या प्लॅस्टिकचा. एके दिवशी धूळ पुसायला उचलला, तर त्याचा खांदा माझ्या बोटांत शंकरपाळ्यासारखा तुटला. जोर लावलेला नव्हता. मग कंबर गेली. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे काही वर्षं अशा चमकीदार प्लॅस्टिकचे बरेच भाग निघाले आणि त्यातले पुष्कळ काळाबरोबर आपोआप ठिसूळ होतात. जमवणाऱ्यांत या दुखण्याला गोल्ड प्लॅस्टिक सिंड्रोम म्हणतात. त्यावर इलाज नाही. जस्तातही शिशाची भेसळ राहिली तर धातू आतून फुगून भेगाळतो. जुनं ते सोनं म्हणताना सोनेरीच आधी मोडतं, हे मी तेव्हा झाडूनं गोळा केलं.

ढिल्या जॉइंटवर मात्र इलाज आहे. बॉल जॉइंटच्या गोळ्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात द्यायचा, रात्रभर वाळू द्यायचा, मग खोबणीत बसवायचा. तेवढ्या जाडीनं पकड परत येते. माझ्या घरात नेलपॉलिशच्या चार बाटल्या आहेत आणि त्यातली एकही कधी माझ्या नखाला लागलेली नाही. वहिनीला हे कळलं तेव्हा ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली होती.

तर तो नवा, पोकळ हाताचा. दादा गेल्यावर मी पुन्हा त्याला घेऊन बसले आणि ठरवलं की मिस्त्री म्हणवतो तर दुरुस्त करून दाखवावं. हल्ली अशा पोकळ्या बुजवायला बेतून छापलेले तुकडे मिळतात, पण माझ्याच्यानं वाट बघवेना. एपॉक्सी पुट्टीचे दोन गोळे मळले, फासळ्यांच्या मधे दाबून भरले, काड्यापेटीतल्या काडीनं कोपरे नीट केले, वरून ओल्या बोटानं गुळगुळीत केलं आणि सकाळपर्यंत हात लावला नाही.

सकाळी पुट्टी दगड झाली होती. रंग राखाडी, पण तो नंतर देता आला असता. हात उचलून पाहिला तर अहाहा. गार नव्हता, पण जड होता. पिळून बघितला, मुरगळेना. मग ट्रक करायला घेतला. सगळं घडी होत आलं आणि शेवटी हात कुशीत जाईना. दोन मिलिमीटर बाहेर. उलटसुलट करून पाहिल्यावर लक्षात आलं, मागच्या चाकाच्या कण्याचं टोक नेमकं त्या पोकळीत शिरायचं होतं. मी ज्याला आळस समजत होते, निदान त्यातल्या तेवढ्या भागाला काम होतं. कानस घेतली आणि तासभर घासत बसले. टेबलावर राखाडी भुकटी पसरली, शिंका आल्या, पण ट्रक मिटला.

पुन्हा उलगडला. उभा केला, उजवा हात समोर रोखला आणि बोट काढून घेतलं. हात हळूहळू खाली आला. पुन्हा वर केला, पुन्हा खाली. त्या खांद्यात रॅचेट नाही, साधा घर्षणावर टिकणारा जॉइंट आहे, आणि तो पोकळ हात पेलायच्याच बेतानं केलेला. भरीव हात त्याला झेपत नाही.

नेलपॉलिशचा एक हात देऊन झाला. मग दुसरा. डावा खांदा आता धरतो. उजवा दुपारपर्यंत धरतो आणि संध्याकाळी बघावं तर हात मांडीशी आलेला असतो. पुट्टी उकरायचा प्रयत्न केला, टोच्यानं प्लॅस्टिकला पांढरा ओरखडा पडला म्हणून सोडून दिला. दादाचा ट्रक त्याच्या शेजारी ठेवला आहे, ट्रकच्याच रूपात. काल दादाचा फोन होता. ‘‘माझा उलगडलास का?’’ त्यानं विचारलं. म्हटलं, नाही, तू ये, मग उलगडते.